डोंगर कुणी जाळला, हे टेबलाला विचारा

जरा कप उचला. हां, आता बरं वाटलं. मी बोलतोय. असे इकडेतिकडे बघू नका, शेजारचा माणूस आमलेट खातोय, त्याला बोलायला सवड नाही. खाली बघा. मघापासून ज्याच्यावर कोपरं टेकून बसला आहात, तोच मी. या खानावळीतलं खिडकीजवळचं गोल टेबल.

टेबल हा माझा हुद्दा झाला. जन्माने मी झाड. वर खिंडीत, रस्ता वळतो त्या टोकाला, मी तीनशे वर्षं उभा होतो. पानांच्या जागी सुया, अंगावर जाड साल आणि स्वभाव थोडा चिकट. कुणी पाठ टेकून बसलं की त्याच्या सदऱ्याला असा डिंक लावायचो की घरी गेल्यावर त्याची खरडपट्टी निघायची. तेवढीच काय ती माझी करमणूक.

झाडाचं आयुष्य त्याच्या पोटात असतं. वर्षाला एक वलय. पाऊस पोटभर मिळाला की वलय जाड, पाण्याचे हाल झाले की केसाएवढं बारीक. तुम्ही माणसंसुद्धा खाल्लं-प्यालेलं पोटावरच मिरवता, फक्त तुमचं कधीतरी उतरतं. माझं एकदा चढलं ते चढलं.

आणि वणवे. ते माझ्याकडूनच ऐका, कारण आग आली की बाकी सगळे धूम ठोकायचे आणि मी तिथेच. सात वणवे मी अंगावर घेतले. बहुतेक वेळा आग गवतातून गुडघाभर उंचीने यायची, बुंध्याला चाटून पुढे जायची. जाड सालीचा उपयोग तेव्हा कळतो. पण बुंध्याच्या चढाकडच्या बाजूला सुकलेल्या सुयांचा ढीग साचलेला असे, तिथे आग रेंगाळायची आणि साल फोडून आत शिरायची. तेवढा तुकडा मरायचा. मग पुढची अनेक वर्षं मी दोन्ही बाजूंनी नवं लाकूड ओढून ती जखम झाकत बसायचो. आखूड पांघरूण दोघांनी दोन्हीकडून ओढावं तसा तो प्रकार, मधे फट राहायचीच.

तुमच्या बशीच्या डावीकडे तो काळा वाकडा डाग दिसतोय ना? तो सातवा वणवा. सगळ्यांत मोठा. कोरडी दुपार होती, आभाळ नुसतंच गुरगुरत होतं आणि माथ्यावरच्या एका मेलेल्या झाडावर वीज पडली. मी स्वतः पाहिलं. पण झाडाची साक्ष कोण काढतो? आणि त्याचमुळे पुढे खालच्या गावात एका घराची दोन पिढ्या भांडणं चालली.

आधी माझं काय झालं ते सांगतो. रस्ता रुंद करायला निघाले आणि मी आडवा झालो. तोडणाऱ्यांपैकी एक जण माझ्याकडे बघून म्हणाला, "शंभरेक वर्षांचं असेल." तीनशे वर्षं ऊन-पाऊस काढून शेवटी हे ऐकायचं. बाकीच्या मला इमारतीला नेलं, पण बुंध्याची एक जाडजूड चकती पायथ्याशी नवी खानावळ काढणाऱ्या एका माणसाने उचलली आणि सुताराकडे टाकली. सुताराने साल काढली, कडा तासून गोल केल्या, खाली चार पाय ठोकले. जन्मभर एका पायावर उभं राहिल्यावर एकदम चार पाय मिळाले आणि जायला मात्र कुठे जागा नाही.

त्या माणसाचा मुलगा म्हणजे आजचा मालक. वय साठ, पोट माझ्याहून गोल, गिऱ्हाइकं त्याला शेठ म्हणतात. पण गल्ल्यावर बसलेली त्याची आत्या त्याला अजून बाळ म्हणते, आणि ती म्हणते म्हणून मीही म्हणतो.

आता आजोबा. बाळचे आजोबा म्हणजे या आत्याचे वडील. तो गृहस्थ इतका गरीब स्वभावाचा होता की त्याने उभ्या आयुष्यात कुणाला 'नाही' म्हटलं नाही. कुणी म्हणालं, आज सोमवार, तर तो म्हणे, "असेल." मंगळवार म्हटलं तरी, "असेल." त्याच्या लग्नाला मुलीकडची मंडळी आली. त्यांना डोंगरावर जळकी काळी खोडं दिसली. त्यांनी विचारलं, हा डोंगर कुणी जाळला? नवरदेवाच्या एका वात्रट मित्राने त्याच्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "यानेच. विडी ओढली आणि काडी फेकली." नवरदेव खाली मान घालून म्हणाला, "असेल."

त्या एका शब्दावर ही खानावळ उभी आहे. वणवा खरा कधीचा ते लोक विसरून गेले होते. लग्नात हशा झाला, मग त्या हशाची गोष्ट झाली, आणि काही वर्षांनी वऱ्हाडातले लोक शपथेवर सांगू लागले की वणवा लग्नाच्या दिवशीच लागला होता आणि ते स्वतः नदीत उड्या मारून वाचले. बाळच्या वडिलांनी गोष्टीला फोडणी दिली. बाळने तर राईचा पर्वत केला आणि तो पर्वत जाळूनही दाखवला. दारावर हातभर अक्षरांत पाटी लागली: 'डोंगर जाळणाऱ्या आजोबांची खानावळ'. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकासमोर तो माझ्या डागावर थाप मारी आणि म्हणे, "विसाव्या वर्षी. एका काडीत." ती थाप रोज माझ्या जखमेवर बसे, पण टेबलाने तक्रार कुठे करायची?

आत्याला मात्र हे सगळं जिव्हारी लागायचं. लहानपणी खेळताना पोरं तिला गवताच्या गंजीजवळ येऊ देत नसत. आगलाव्याची पोर म्हणत. "माझ्या बापाला चूल पेटवायला चार काड्या लागायच्या," ती म्हणे, "तो डोंगर कुठला पेटवतोय?" लोक हसायचे. आजही ते आठवलं की तिचे डोळे भरून येतात. मला माहीत आहे, कारण ती दुपारी गिऱ्हाईक नसताना माझ्याशी येऊन बसते, आणि ते पाणी माझ्यावरच पडतं.

हे असंच चाललं असतं. पण बाळच्या डोक्यात पुतळ्याचं खूळ शिरलं.

रस्त्याच्या कडेला, खानावळीसमोर आजोबांचा सिमेंटचा पुतळा. पुढे केलेला उजवा हात, चिमटीत लोखंडी सळईची काडी आणि काडीच्या टोकाला लाल दिवा. लांबून येणाऱ्या गाड्यांना दिसला पाहिजे. मूर्तिकार कामाला लागला. आजोबांचा फोटो एकच होता आणि त्यात त्यांनी डोळे मिटले होते, त्यामुळे मूर्तिकाराने बाळला समोर बसवून तोंड घडवलं.

"पुतळा उभारलास ना," आत्या म्हणाली, "तर मी चौथऱ्यावर आडवी पडेन."

"अगं आत्या, तुझ्या वडिलांचंच नाव होतंय ना?"

"मेल्या, पाटी पुसता येते. पुतळा पुसता येतो का? त्याच्या हातात काडी दिलीस की ती कायमची. मग मी ओरडून मेले तरी कोण ऐकणार?"

दोघांचं बोलणं बंद झालं. दोघं एकाच खोलीत बसून माझ्यामार्फत बोलू लागले. आत्या माझ्यावर पेला आपटायची, त्याला उत्तर म्हणून बाळ माझ्यावर ताटली आपटायचा.

अशात एके दिवशी वलयबाई आल्या. हे नाव त्यांना बाळने ठेवलं. झाडांच्या वलयांवरून जुन्या वणव्यांचा इतिहास शोधणं हा त्यांचा पेशा. त्या आपल्या चहा प्यायला म्हणून बसल्या, कप ठेवला, त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि त्यांनी पिशवीतून भिंग काढलं. मग त्या जवळजवळ माझ्यावर आडव्याच झाल्या. चहा गार झाला. इतक्या प्रेमाने माझ्याकडे तीनशे वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं, एक सुतारपक्षी सोडला तर, आणि त्याचा हेतू चांगला नव्हता.

"हे सात वणवे आहेत," बाई म्हणाल्या.

"सात असतील," बाळ म्हणाला, "पण मोठा आमचा."

त्याने सगळी कहाणी ऐकवली. बाईंनी ती मन लावून ऐकली आणि सांगितलं की हा डाग नेमका कुठल्या वर्षीच्या वलयात आहे ते शोधता येईल. बाळ आनंदाने टाळ्या पिटायचाच बाकी राहिला. आजोबांच्या वणव्यावर आता शास्त्राचा शिक्का बसणार. आत्याने गल्ला बंद केला आणि ती पहिल्यांदाच मधे पेला न आपटता बोलली, "आणि तो डाग लग्नाच्या वर्षातला नसला तर?"

"तर तेही झाड सांगेल," बाई म्हणाल्या.

"मग ऐक बाळ. झाड म्हणालं हो, तर मी तुझ्या पुतळ्याला रोज हार घालीन. झाड म्हणालं नाही, तर त्या हातात काडी येणार नाही."

"कबूल," बाळ म्हणाला. त्याला स्वतःच्या थापेवर एवढा विश्वास होता.

बाईंनी पॉलिशपेपरने माझ्या मधोमध एक पट्टा घासून आरशासारखा केला. गुदगुल्या काय होतात म्हणून सांगू, पण हसायची सोय नव्हती. एकेक वलय मोकळं झालं. बाईंनी त्याची मापं घेतली, फोटो काढले आणि त्या खिंडीत निघून गेल्या. तिथे माझ्या वयाची काही मंडळी अजून उभी आहेत. पोकळ गिरमिटाने त्यांच्या बुंध्यातून पेन्सिलीएवढ्या बारीक कांड्या काढायच्या होत्या. झाड त्याने मरत नाही, फक्त जरा दचकतं.

बाळला धीर कुठला. बाईंची पाठ वळताच तो दातकोरण्यांचा डबा घेऊन माझ्यावर बसला. "त्यात काय आहे? झाड पाडलं ते वर्ष मला पाठ आहे. कडेपासून आत मोजत जायचं." एकेक वलय, एकेक दातकोरणी. मी साळिंदरासारखा दिसायला लागलो. गिऱ्हाइकं ताटल्या मांडीवर घेऊन जेवली. शेवटी तो डागापाशी पोचला, बोटांवर हिशेब केला आणि खुर्चीवरून उठला.

"लग्नाचंच वर्ष," तो म्हणाला. "बरोब्बर. एकाचाही फरक नाही."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मूर्तिकाराला तातडीने निरोप गेला की काडी बसव, रविवारी उद्घाटन. आत्याने हिशेब स्वतः पुन्हा करून पाहिला, उत्तर तेच आलं. मग ती गल्ल्यावर जाऊन बसली आणि एका माणसाला दोनदा सुटे परत दिले. आत्याचा हात हिशेबात कधी चुकत नाही. माझं तर पोटच समोर पसरलेलं होतं. ओरडून सांगावंसं वाटत होतं की अरे, कडेचं लाकूड कुठे आहे ते तरी विचारा.

रविवारी सकाळी पुतळा चौथऱ्यावर चढला, चादरीखाली. दिवा चादरीतून लाल दिसत होता. निम्मं गाव खानावळीत. आत्या चौथऱ्यावर आडवी पडली नाही. शब्दाची पक्की. तिने मुकाट्याने हार ओवायला घेतला होता.

आणि बाई आल्या. धुळीने माखलेल्या, काखेत कांड्यांची नळकांडी. त्यांनी माझ्यात रोवलेल्या दातकोरण्या पाहिल्या.

"हे कुणी केलं?"

"मी," बाळ छाती काढून म्हणाला. "कडेपासून मोजत आलो."

"कुठल्या कडेपासून? याची साल कुठे आहे?"

बाळने सुताराकडे पाहिलं. तोच सुतार, आता पार वाकलेला, उद्घाटनाच्या फुकट चहासाठी आला होता. तो म्हणाला, "साल काढून टाकली. आणि साल काढल्यावर कडेचं लाकूड भुसभुशीत निघालं, दोनेक बोटं तासून टाकलं. चांगलं गोल करून दिलं की. कुणाची तक्रार आहे का?"

"तक्रार काही नाही," बाई म्हणाल्या, "पण त्या दोन बोटांत एकोणीस वर्षं गेली."

मग त्यांनी एक कांडी माझ्या घासलेल्या पट्ट्याशेजारी ठेवली. बारीक, बारीक, जाड, मग तीन बारीक, मग एक भलतं जाड. माझ्यातही तसंच, ओळीने. एकाच पावसावर वाढलेली झाडं, जेवणाखाण्याच्या आठवणी सारख्याच असणार. फक्त जिवंत झाडाची वलयं सालीपर्यंत पुरी होती, त्यामुळे त्याचं कुठलं वलय कुठल्या वर्षाचं ते पक्कं. डाग तिथेही होता, त्याच वलयात. आणखी नऊ झाडांवर होता. वणवा लग्नाच्या एकोणीस वर्षं आधी लागून गेला होता.

"आधी म्हणजे?" बाळ म्हणाला.

"लग्नात आजोबा किती वर्षांचे होते?" बाईंनी विचारलं.

"वीस. विसाव्या वर्षी, एका काडी..." आणि बाळ थांबला. हे वाक्य त्याने इतक्यांदा म्हटलं होतं की गावातल्या लहान पोरांनाही वय पाठ होतं. सगळी खानावळ मनातल्या मनात वजाबाकी करू लागली. मागून कुणीतरी म्हणालं, "रांगत रांगत गेले असतील."

"काही पोरं लवकर चालायला लागतात," बाळ म्हणाला. त्याच्या चिकाटीचं मला खरंच कौतुक वाटलं. "बरं, मग हा लावला कुणी?"

"कुणी लावला ते झाड सांगत नाही, केव्हा ते सांगतं. बहुतेक वीज असावी."

"आणि आधीचे सहा? त्यात आमच्या पणजोबांचं वगैरे काही..."

"बाळ," आत्या म्हणाली.

ती गल्ल्यावरून उठून माझ्याजवळ आली. मला वाटलं आता ही बाळला फैलावर घेईल, गावाला एकेकाचं नाव घेऊन सुनावेल. तिचा तो हक्कच होता. पण तिने माझ्या डागावर हात ठेवला, रोज थाप पडायची तिथेच, आणि हळूच म्हणाली, "बाबा, एकदा तरी नाही म्हणायचंस रे."

मग ती रडली. खानावळीत कुणाला कुठे बघावं कळेना. मलाही वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. तिच्या बापाने जे आयुष्यात म्हटलं नाही, ते मी म्हटलं होतं.

बाळने नाक पुसलं. मनाने तो वाईट नाही. तो चौथऱ्याकडे गेला आणि त्याने स्वतः चादर ओढली. मूर्तिकाराने काडी उपटली, दिवा विझला. पण बोटांची चिमटी तशीच राहिली, सिमेंट वाळलेलं होतं. बाळच्या तोंडाचे आजोबा हात पुढे करून उभे, चिमटीत काहीच नाही.

"आता हे काय करतायत म्हणून सांगायचं?" बाळ रडवेला झाला. "हात फोडू का?"

आत्या चौथऱ्यापाशी आली आणि तिने ती रिकामी चिमटी नीट निरखली.

"फोडू नकोस," ती म्हणाली. "मीठ घालतोय. आई गेल्यावर स्वयंपाक तोच करायचा. अस्साच हात धरायचा, जास्त पडेल म्हणून भीत भीत. नेहमी कमी पडायचं."

तर असं झालं. पाटी नवी आहे, अजून रंगाचा वास येतो, बघा: 'मिठाची चिमूट'. बाईंना माझ्याकडून आणखी बरंच हवं आहे, त्या अधूनमधून भिंग घेऊन येतात. मागच्या खेपेला आत्याने आपल्या जन्माचं वलय कुठलं ते विचारून घेतलं. ते चांगलं जाड निघालं, तेव्हापासून त्या वलयावर कुणी गरम भांडं ठेवलं की ती ओरडते. बाळनेही आपलं विचारलं. ते सुताराच्या भुशात गेलं होतं. दोन दिवस त्याला जेवण गेलं नाही. पण आता सावरलाय. त्याने सांगायला सुरुवात केलीच आहे की आजोबांच्या हाताला अशी चव होती की माणसं दुसऱ्या डोंगरावरून वास घेत येत. गल्ल्यावरून आत्या म्हणते, "अळणी असायचं," आणि तिच्या आवाजात एवढा आनंद असतो की ऐकत राहावं.

माझं म्हणाल तर मी सुखात आहे. वरचा पट्टा चकाकतोय म्हणून हल्ली लोक माझ्यावर कप ठेवायला बिचकतात, ते मात्र करू नका. आणि आणखी एक विनंती. तुमचं आमलेट येतंय ते आत्याने केलंय, अळणी लागेल. मुकाट्याने गिळू नका, मीठ मागा. जरा मोठ्याने मागा, तिला कमी ऐकू येतं. मग ती बरणी घेऊन स्वतः येईल, तुमच्यासमोर बसेल आणि आपल्या बापाची गोष्ट सांगेल. लांबलचक आहे, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत तिच्यात काहीही पेटत नाही.